रोवनची खोड

क्रेगीली, अँगस
१५ जून १९५८

प्रिय निनियनदादा,

तुझ्या पत्राची वाट बघून थकले, म्हणून मीच लिहायला बसले. मी चार पानं लिहायची आणि तू दोन महिन्यांनी "ओट बरे आहेत, गुडघा दुखतो" एवढ्यावर मोकळं व्हायचं, हे आपलं ठरलेलंच आहे.

तुझी रोवन आता पक्की इथली झाली. मार्चमध्ये रेल्वेच्या डब्यातून उतरली तेव्हा तिच्या बरगड्या लांबून दिसत होत्या आणि कोणी जवळ गेलं की कान मागे जायचे. आता बघशील तर ओळखायचा नाहीस. पायांवरची पांढरी लव धुऊन विंचरली की झालरीचा झगा घातल्यासारखी दिसते. लॉकलन तिच्यापायी वेडा झालाय. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला कधी विचारलं नाही ते तिला विचारतो, पाणी फार गार नाही ना म्हणून.

खरी बातमी पुढेच आहे. कर्कहॅरोच्या मेळ्यात यंदा गाडीच्या घोड्यांच्या मिरवणुकीत आमचं नाव लागलंय. अख्ख्या खोऱ्यात आता नऊ गाड्या उरल्यात, बाकी घरोघरी ट्रॅक्टर. मेळा २६ जुलैला आहे. ससाणे उडवणारे येणार, टेरियर कुत्र्यांची शर्यत होणार, मेंढपाळाचा कुत्रा बदकं हाकून दाखवणार. आणि इस्टेटीचा रानराखा वॉल्टर इम्री त्याच्या शिकारी कुत्र्यांचा खेळ करणार. इम्री म्हणजे ओढ्यापलीकडचा आमचा शेजारी. त्याची बायको ग्रिझेल आणि मी दर वर्षी जाम एकत्र घालतो.

लॉकलनने एक गोष्ट मुद्दाम विचारायला सांगितली आहे. रोवनला काही खोड आहे का? गर्दीची, वाजंत्र्यांची, आवाजाची? पाच वर्षं ती तुझ्या हाताखाली होती. असेल तर आडपडदा न ठेवता लिही. मी म्हटलं, खोड असती तर दादाने आधीच सांगितली असती. तरी तो म्हणाला, "लिही तू."

तुझी,
एफी


ऑखनली, गॅलोवे
२२ जून

प्रिय एफी,

ओट बरे आहेत. गुडघा दुखतो.

तबेल्यात आता दोन ट्रॅक्टर उभे असतात. मी त्यांना तेल घालतो. पहाटे पाचला जाग येते ती येतेच. मग खरारा करायला कोणी नाही हे आठवतं आणि पुन्हा पडून राहतो.

रोवन सरळ घोडी आहे. बाजाराच्या दिवशी मी तिला भर गावातून नेलेली आहे. पुढे बँड वाजत होता, तिने कानसुद्धा हलवला नाही. पोरं पोटाखालून गेली तरी पाय उचलायची नाही. हे लॉकलनला सांग.

तरी मला विचारशील तर मिरवणुकीत तुमचा म्हातारा कॅप्टन न्यावा. त्याला त्या मैदानाची सवय आहे. रोवनला येऊन तीनच महिने झालेत. नेलीच, तर मिरवणूक झाल्याबरोबर घरी आणा. जनावराला दिवसभर कशाला ताटकळत ठेवायचं.

ग्रिझेलबाईच्या जामची एक बरणी नाताळात पाठव.

तुझा भाऊ,
निनियन


कर्कहॅरो, इस्पितळातून
३० जुलै

प्रिय दादा,

तार मिळाली असेल. तारेत काय लिहिणार. आता लॉकलनला झोपेचं औषध दिलंय, म्हणून बाकावर बसून लिहिते.

शनिवारी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं होतं. रोवनच्या आयाळीत मी निळ्या-पिवळ्या फिती गुंफल्या होत्या, साजाचं पितळ चकाकत होतं. तुझं म्हणणं मी लॉकलनला सांगितलं, पण कॅप्टनला न्यायला तो तयार झाला नाही. म्हणाला, तुझ्या भावानेच लिहिलंय ना, सरळ घोडी आहे म्हणून. आणि दादा, पहिला नंबर आमचाच आला. लोक एवढ्या टाळ्या वाजवत होते की लॉकलनने आणखी एक फेरी घेतली. मी पण दोरीला धरून टाळ्या वाजवत होते.

तो लगाम धरून तिच्या बाजूने चालत रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला पोचला आणि शेजारच्या रिंगणात इम्रीने बंदूक उडवली. छर्रे नसलेलं नुसतं दारूचं काडतूस, कुत्रं सोडण्याआधी उडवतात तसं. रोवन दोन पायांवर उभी राहिली. असा आवाज मी घोड्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लॉकलनने लगाम सोडला असता तर वाचला असता. त्याने सोडला नाही. तिने त्याला फरपटत नेलं, तो खाली गेला आणि गाडीचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. ती दोर तोडून, चहाचा तंबू आडवा करून कुंपणाशी जाऊन थांबली. दुसऱ्या कोणाला लागलं नाही, हेच नशीब.

डॉक्टर गुडघ्याखालचं काही स्पष्ट बोलत नाहीत.

घोडे रिंगणात असताना बंदूक उडवायची नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. इम्री पंधरा वर्षं हे खेळ करतोय. संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन इथे आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला.

एफी


ऑखनली
२ ऑगस्ट

प्रिय एफी,

तार आणि पत्र दोन्ही मिळालं. तू म्हणशील तेव्हा मी येतो, काम अंगावर घेतो.

रोवन कुठे आहे? तिला कोणी काही करायचं बोलत आहे का? आणि इम्रीचं काय होणार?

लॉकलनला माझा नमस्कार सांग. मी रोज प्रार्थना करतो.

निनियन


क्रेगीली
२४ ऑगस्ट

दादा,

लॉकलनचा पाय कापला. गुडघ्याच्या वर. बारा तारखेला. आता घरी आणलंय. खाली बैठकीच्या खोलीत खाट टाकली आहे. खिडकीकडे तोंड करून पडून असतो, आणि खिडकीतून तबेला दिसतो म्हणून पडदा ओढून घ्यायला सांगतो.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. माझा नवरा इस्पितळात, आणि तू आधी घोडीची चौकशी करतोस? मग मीच मनाला समजावलं, की तू जन्मभर घोड्यांशीच बोललास, माणसांशी कसं बोलावं ते तुला कळत नाही. रोवन बरी आहे. माझा दीर म्हणत होता, गोळी घाला. मी म्हटलं, मुक्या जनावराचा काय दोष? दोष ज्याचा, त्याला शिक्षा होऊ दे.

ती झाली. गेल्या आठवड्यात मेळ्याची कमिटी गावच्या हॉलमध्ये बसली. इम्री म्हणाला, ठरल्या वेळेलाच बंदूक उडवली, तीन वाजता. पावणेतीनला घोडे रिंगणाबाहेर जायचे होते. पंचांनी झेंडा दाखवला म्हणून उडवली. पंच म्हणाला, मी झेंडा कुत्र्यांसाठी दाखवला नव्हता. मग इम्री म्हणाला, बाकीचे आठ घोडे तिथेच बाजूला उभे होते, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. या घोडीला आधीपासूनच बंदुकीची भीती असली पाहिजे.

तेव्हा मी उठले. तुझं जूनचं पत्र मी पर्समध्ये घेऊनच गेले होते. भर हॉलमध्ये वाचून दाखवलं. बँड वाजत होता, तिने कानसुद्धा हलवला नाही. माझा भाऊ चाळीस वर्षं घोड्यांत आहे, म्हटलं, तो असं लिहितो, आणि हे आम्हाला शिकवणार? इम्रीने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि खाली बसला.

इस्टेटीने त्याला कामावरून काढलं. घर इस्टेटीचं, त्यामुळे महिनाअखेर तेही सोडायचं आहे. ग्रिझेल काल ओढ्यावर दिसली. मी हाक मारली नाही. तिनेही मारली नाही.

मी योग्य तेच केलं, नाही का?

एफी


ऑखनली
३१ ऑगस्ट

प्रिय एफी,

नाही. तू योग्य केलं नाहीस, आणि त्यात तुझा दोष नाही. हे पत्र एका बैठकीत पुरं वाच. मग काय करायचं ते तू ठरव.

फेब्रुवारीत मालकाने दुसरा ट्रॅक्टर घेतला आणि सहाही घोडे एका सकाळी संपवायचे ठरवलं. ग्लासगोहून माणूस आला, मोटार घेऊन. मालक मला म्हणाला, "निनियन, तू धर त्यांना. तुझ्या हातात शांत राहतील." खरं होतं ते. माझ्या हातात शांत राहिले. मी एकेकाला अंगणात आणला, कपाळावर हात ठेवला, त्याच्या कानात बोललो आणि तो माणूस बंदूक घेऊन पुढे आला. चौघांना असं केलं. पाचवा ड्यूक. ड्यूक आणि रोवन पाच वर्षं एका नांगराला चालले होते. त्यांना वेगळं केलं की दोघंही ओरडायचे, म्हणून मी तिला तिथेच कड्याला बांधली होती. मला वाटलं, शेवटपर्यंत ती शेजारी दिसली की तो घाबरणार नाही. ड्यूक पडला तो तिच्या पायांवर पडला. तिने कडं भिंतीतून उपसून काढलं, एफी. दगडासकट.

ती मला दोन मैलांवर नदीत सापडली. पोटापर्यंत पाण्यात उभी होती आणि थरथरत होती. तिला घेऊन परत आलो तेव्हा तो माणूस निघून गेला होता. मी मालकाच्या पाया पडलो म्हण. तो म्हणाला, पंधरा दिवसांत कोणी नेणार असेल तर ने, नाहीतर तो पुन्हा येईल. म्हणून मी तुला लिहिलं, चांगली घोडी आहे, घेता का? चांगली आहे ते खोटं नव्हतं.

पण त्या पंधरा दिवसांत टेकडीवर कोणी ससा मारला तरी ती घामाने भिजायची आणि समोर जे असेल त्यातून निघून जायची. मी दोनदा पाहिलं. मला माहीत होतं.

मार्चमध्ये सांगितलं असतं तर लॉकलनने घेतली नसती. शहाणा माणूस घेणार नाही. जूनमध्ये तू विचारलंस तेव्हा मी कागदावर लिहिलं होतं, तिला बंदुकीची भीती आहे. लिहून समोर ठेवलं आणि बघत बसलो. मग वाटलं, हे वाचून ते तिला परत पाठवतील, आणि परत म्हणजे ग्लासगोच्या मोटारीत. तो कागद चुलीत घातला आणि बँडची गोष्ट लिहिली. बँडची गोष्ट खरी आहे. पण ती चार वर्षांपूर्वीची आहे.

पाच जणांचं डोकं मी धरलं. सहावीचं माझ्याने धरवलं नसतं, म्हणून मी तुझ्या नवऱ्याचा पाय घालवला, आणि एका भल्या माणसाचं घर.

हे पत्र कमिटीला दाखव. रोवनचं जे करायचं ते करा, मी विचारणार नाही.

निनियन


क्रेगीली
२१ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते तीन दिवस ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरले. राग काय असतो ते मला आजवर ठाऊक नव्हतं असं आता वाटतं. भांडी घासताना तुझ्याशी भांडत होते. चौथ्या दिवशी लॉकलनच्या खाटेशी बसले आणि वाचून दाखवलं. वाटलं होतं, तो तुला शिव्या देईल. मला त्या ऐकायच्या होत्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बघत म्हणाला, "मला मे महिन्यापासून माहीत होतं."

मे महिन्यात ढेकळं फोडताना इम्रीने ओढ्यापलीकडच्या झाडीत कावळे मारले होते; त्याला इथलं काही दिसलं नाही. रोवन दंताळ्यासकट दगडी बांध फोडून गेली. मला त्याने सांगितलं की बांध पावसाने ढासळला. मी दोन दिवस त्याच्याबरोबर ते दगड रचले, दादा. माझ्या हाताला घट्टे पडले होते.

मी विचारलं, मग मला पत्र का लिहायला लावलंस? तो म्हणाला, "तुझा भाऊ हो म्हणाला असता तर मी कॅप्टनला नेलं असतं. त्याने खोड नाही असंच लिहिलं. मी स्वतःला म्हटलं, मेच्या वेळी तिला दुसरं काहीतरी टोचलं असेल. मला ते खरं मानायचं होतं, एफी. तिच्यासारखी घोडी माझ्या गाडीला पुन्हा कधी लागली नसती."

आणि इम्रीचं घर गेलं तेव्हा? मी विचारलं. त्यावर तो रडला. अठरा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याला जवळ घेतलं नाही. मला ते जमलं नाही.

तू लपवलंस, त्याने लपवलं, आणि हॉलमध्ये उभं राहून बोलले मी. तुम्हा दोघांच्या वतीने माझीच जीभ चालली.

कमिटीचा सेक्रेटरी म्हणाला, बाई, झालं गेलं, आता पुन्हा कशाला उकरता? इम्रीच्या जागेवर नवा रानराखाही आलाय. मी म्हटलं, ज्या हॉलमध्ये पहिलं पत्र वाचलं त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर दुसरं वाचणार. नाही म्हणालात तर रविवारी चर्चच्या दारात उभी राहून वाचेन. मग त्यांनी तारीख दिली. ग्रिझेलला मी केथनेसच्या पत्त्यावर कळवलं. तिकडे ते तिच्या बहिणीकडे एका खोलीत राहतात. तिच्याकडून उत्तर आलं नाही. पण काल, शनिवारी, सकाळच्या गाडीने इम्री एकटाच आला.

तो मागे दाराशी उभा होता. मी तुझं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. मग लॉकलनने सही केलेला कागद वाचला. पंचानेही मग उठून कबूल केलं की झेंडा त्याने कुत्र्यांसाठीच दाखवला होता. अध्यक्षांनी इम्रीची माफी मागितली. लोक त्याचा हात हातात घ्यायला पुढे आले. तेच लोक, ज्यांनी महिन्यापूर्वी त्याला दुकानात ओळख दिली नव्हती.

सगळे पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते घरून घोकून गेले होते. पण आधी तोच बोलला. म्हणाला, "एफीबाई, दर वर्षी एखादं पिल्लू असं बंदुकीला घाबरणारं निघतं. मी त्यांना जेवायला घालतो आणि कोणालातरी दोन शेतं पलीकडे बंदूक उडवायला लावतो. रोज थोडं जवळून. कधी सहा आठवडे लागतात, कधी जास्त. पण भीती जाते. घोडीचंही तसंच असणार. कोणी मला एक शब्द बोललं असतं तर मी मे महिन्यातच सुरुवात केली असती. मी तर ओढ्यापलीकडेच राहत होतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

इस्टेट त्याला परत घ्यायला तयार नाही. चूक त्याची नव्हती हे मान्य, पण जागा भरली, असं मॅनेजर म्हणतो. इम्री आता तिकडे मासळीच्या वखारीत पेट्या वाहतो. कुत्री त्याने वाटून टाकली. थोरली कुत्री नव्या रानराख्याकडे आहे. स्टेशनवर जाताना तो त्या घरावरून गेला नाही, लांबच्या वाटेने गेला.

आता तुझ्याबद्दल. माफी मागायला येऊ नकोस. ती माझ्याजवळ आत्ता नाही. पण पुढच्या महिन्यात बटाटे काढायचे आहेत, आणि लॉकलन कुबड्यांवर दारापर्यंतच जातो. म्हातारा कॅप्टन एकट्याने ते यंत्र ओढणार नाही. रोवनला मी मारू देणार नाही. तशी जुंपणारही नाही. इम्रीने सांगितलं तसं करायचं म्हटलं तर बंदूक मी उडवेन, मला येते. पण ती खात असताना तिच्या डोक्याशी उभं राहायला तिचं कोणीतरी लागेल. ते माझ्याने होणार नाही. मी जवळ गेले तर माझे हात थरथरतात, आणि तिला ते कळतं.

म्हणून ये. पुढच्या बुधवारी निघ. माळ्यावरची खोली रिकामी आहे. लॉकलनला विचारलं तर तो म्हणाला, येऊ दे, आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. जेवताना या विषयावर कोणी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. निदान पहिला आठवडा.

एफी


ऑखनली
२५ सप्टेंबर

प्रिय एफी,

बुधवारी निघ म्हणालीस, पण मी उद्याच शुक्रवारी निघतो. तरी तुझ्याकडे पोचायला बुधवारच होईल. मालकाला चावी दिली. तो म्हणाला, एवढ्या वर्षांनी असं मधेच सोडून जातोस? मी म्हटलं, हो.

अँगसला उतरायच्या आधी मी तसाच पुढे उत्तरेला जाणार आहे, केथनेसला. इम्रीचा पत्ता तुझ्या पत्रात नाही. पण मासळीच्या वखारी काही शंभर नसतील, विचारत जाईन.

तो मला दारात उभं करील की नाही, ठाऊक नाही. तू हॉलमध्ये माझं पत्र वाचलंस ते बरोबर केलंस. पण ते वाचलंस तू, आणि त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं तेही तुला. लिहायला मला सोपं पडतं. खोटंही मी लिहूनच बोललो आणि खरंही लिहूनच. त्याच्यासमोर उभं राहून मला ते तोंडाने बोलायचं आहे. सगळं, पहिल्या घोड्यापासून.

बोलून झालं की तुझ्याकडे येईन. रोवनला तोवर बंदुकीचा आवाज ऐकवू नकोस.

तुझा भाऊ,
निनियन